करदोड्याला बांधलेली किल्ली

आमच्या नांदेडच्या फुटबॉल स्पर्धेत दर वर्षी पहिल्या दिवशी दोन मिनिटं शांतता पाळतात. एरवी दोन सेकंद गप्प न बसणारी मंडळी माना खाली घालून उभी राहतात, कुणाचा तरी मोबाइल वाजतो, आणि मग अध्यक्ष माइकवर सांगतात की ती आग म्हणजे नियतीचा घाला होता. मी मंचावरच असतो. दर वर्षी वाटतं, उठून सांगावं, साहेब, नियतीच्या करदोड्याला किल्ली नव्हती, माझ्या होती. तेवढ्यात हार येतो आणि मी मान पुढं करतो.

गोष्ट वीसेक वर्षांमागची. मी कमिटीत गेटप्रमुख होतो. पद मागून घेतलेलं, बिल्ला स्वतः शिवून घेतलेला. मैदानाच्या एका अंगाला बल्ल्यांवर फळ्या ठोकून गॅलरी केली होती, वर मंडपवाल्याचं झगमगीत कापड. उतरायला पुढून एक अरुंद वाट, आणि मागं गल्लीत उघडणारं गजांचं लोखंडी दार. त्या दारातून फुकटे शिरायचे. फुकट्यांचा मला भारी तिटकारा; जणू मैदान माझ्या बापाचं. मी दाराला साखळी घालून कुलूप ठोकलं. आदल्या वर्षी किल्ली हरवली होती, म्हणून त्या वर्षी ती थेट कमरेच्या करदोड्याला निरगाठ मारून बांधली आणि सगळ्यांना सांगत सुटलो, "आता किल्ली न्यायची तर मलाच उचलून न्या!" लोक हसले. मला ते कौतुक वाटलं.

आग विझवायचं लाल सिलिंडरही होतं आमच्याकडं, नाही असं नाही. खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू लावून हार घातला होता. चोरीला जाऊ नये म्हणून ते कमिटीच्या खोलीत बंद, खोलीची किल्ली खजिनदाराच्या खिशात आणि खजिनदार माहूरला, देवीच्या दर्शनाला.

फायनलला औशाहून माझे मामा आले. मामा म्हणजे सासरेही. आमच्याकडं मामाची लेक करायची रीत आहे, त्यामुळं एकाच माणसाकडून दोन नात्यांनी बोलणी खायची सोय होते. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. जावयाचा बिल्ला बघायला आले होते. गुडघा दुखत असताना मी त्यांना सगळ्यात वरच्या रांगेत नेऊन बसवलं. मान म्हणजे उंचीच, असा माझा समज.

मामांनी बसता बसता फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं.

"जावाई, खाली गेल्या सालच्या पत्रावळ्या हायत की. गवत वाळून कोळ झालंय. आन् ह्यो बाजूचा बिडी वढायलाय."

"मामा, तुम्ही मॅच बघा."

"ते मागलं दार?"

"बंद हाय. फुकटे शिरतेत."

"औशाच्या बाजारात बैलं बांधतेत, तिथंबी दोन वाटा ठिवतेत," मामा म्हणाले. मी बिल्ला सरळ केला आणि खाली उतरलो.

त्याच दुपारी, कुलूप लावायच्या जरा आधी, मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या एका हमालाला मी त्या दारात पकडलं होतं. कॉलर धरून विचारलं, "लाज न्हाई वाटत?"

"साहेब, गल्लीतून गोलाचा निस्ता आवाज ऐकू येतो," तो म्हणाला. "दिसत न्हाई काई."

"मग ऐक," असं म्हणून मी त्याला ढकलून दिलं. फार खुसखुशीत बोललो असं वाटलं होतं.

उत्तरार्धात फळ्यांखालून धूर आला. "कुणीतरी शेंगा भाजायलंय," असं म्हणून आम्ही हसलो. हसणं पुरतं संपायच्या आत ज्वाळा वर गेल्या आणि कापड पेटलं. ते कापड नुसतं जळत नव्हतं, वितळून थेंब थेंब लोकांच्या अंगावर पडत होतं. पुढची वाट तुंबली. उरलेले मागच्या दाराकडं धावले आणि त्यांच्यापुढं मी. शर्ट वर केला, पॅन्टचं बटण काढलं, गाठीला हात घातला. घामानं गाठ दगड झाली होती. माणसं गजांवर चेंगरताहेत आणि गेटप्रमुख पॅन्ट सोडून उभा.

"अबे, ह्यो काय करायलाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला, "बाजूला व्हा साहेब!" तोच हमाल. त्यानं बाहेरून कुलपावर धोंडा घातला. चार-पाच घावांत कुलूप तुटलं. लोक बाहेर फुटले, तो त्यांना रेटत आत गेला. त्या दिवशी फुकट आत शिरलेला तो एकटाच. पोतं घ्यावं तसं मामांना पाठीवर घेऊन तो बाहेर आला. मामांच्या हातांवर वितळलेल्या कापडाचे डाग आजही आहेत. त्याच रांगेतले दोघं दवाखान्यात वारले.

कमिटीच्या अहवालात लिहिलं, 'गर्दीच्या रेट्यामुळे दार अडले.' कुलपाचा उल्लेख नाही. हमालाचाही नाही, त्याच्याकडं तिकीट कुठं होतं! खाली माझी सही, चांगली वळणदार. वारलेल्यांच्या घरचे पहिली दोन वर्षं शांतता पाळायला आले, मग यायचे थांबले. नियतीचं भाषण किती वेळा ऐकायचं?

यंदा मामांनी हट्ट धरला. वय ऐंशीच्या पुढं. "मॅच बघाय येतो," फोनवर म्हणाले, "निस्तं एक सांग. मागलं दार उघडं हाय का?"

मी नव्या गेटप्रमुखाला विचारलं. "हाव सर, टेन्शन नका घेऊ." मी तसंच मामांना कळवलं आणि मामा आले.

गॅलरी आता सिमेंटची आहे. मामांना बसवून मी मंचावर गेलो. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली, आणि मंचावरून मला मागचं दार दिसलं. साखळी. कुलूप. त्याच्याजवळ नवा गेटप्रमुख मान खाली घालून उभा, किल्ली गळ्यात. तेवढी तरी प्रगती.

शांतता संपताच मी खाली धावलो. "उघड."

"सर, फुकटे शिरतेत."

माझंच वाक्य. इतक्या वर्षांत आमच्या कमिटीनं जपून ठेवलेली एकमेव गोष्ट. मी त्याच्या गळ्यातून किल्ली ओढून घेतली, परत मंचावर जाऊन माइक धरला आणि म्हणालो, "त्या वर्षी हे दार मी कुलूप लावून बंद केलं होतं. आजही ते बंद आहे." अध्यक्षांनी माइक काढून घेतला आणि लगेच संघांची ओळख सुरू केली. टाळ्याही वाजल्या, संघांसाठी.

मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच खुर्ची टाकून, मैदानाकडं पाठ करून बसलो. कुणी पुन्हा लावायला आलाच तर आधी मला उचलावं लागलं असतं. फुकटे येऊ लागले. एकानं बिचकत विचारलं, "काका, तिकीट?" मी पाय आखडून घेतले.

दार उघडल्याबरोबर मामांनाही मी वरून उठवून दाराजवळच्या खालच्या पायरीवर आणून बसवलं होतं. मैदानातून एकदम मोठा गलका उठला.

"जावाई, गोल झाला! बघितला का?"

"न्हाई मामा," मी म्हणालो. "निस्ता ऐकू आला."