बाहेरची कडी

आमच्या वेल्ह्याकडं शेतावर जाताना दाराला बाहेरून कडी घालतात. आत कुणी झोपलेलं असलं तरी घालतात, नाहीतर कुत्रं शिरून भाकरी नेतं.

माझ्या थोरल्या नणंदेला पंधराव्या वर्षी ओळखीतल्या एका बाईनं कामाला लावते म्हणून शहरात नेलं आणि विकलं. सुटून माहेरी आल्या तेव्हा तिशी उलटली होती. तिथं बाहेरून कडी घालून ठेवायचे, एवढंच एकदा बोलल्या. "सुटल्या न्हवं, मग आता काय?" असं गावातल्या बाया म्हणायच्या. मीही त्यातलीच.

त्या दुपारी वन्सं झोपल्या होत्या. भात कापायला निघताना सवयीनं माझा हात कडीवर गेला. बांधावर पोचल्यावर ध्यानात आलं, तशी पळत मागं आले. वाटलं, दार बडवत असतील, रडत असतील. घरातून आवाजच येत नव्हता.

कडी काढली. वन्सं दारासमोर बसल्या होत्या. केस विंचरलेले, तोंडाला पावडर, अंगावर ठेवणीतली साडी. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती जणं हायेत?"

"मी हाय वन्सं, मी एकटीच हाय," एवढंच मला बोलता आलं.

कडी मी त्याच दिवशी दगडानं ठोकून उपटली. कुत्रं भाकरी नेतं, नेऊ दे मेल्याला. पण वन्सं आता दुपारच्या झोपतच नाहीत. दार सताड उघडं असतं, आणि त्या केस विंचरून त्याच्यासमोर बसून राहतात.