भूषणने कॅप काढली

मंडळी, आज माझ्या धाकट्या भावाचा मला फार अभिमान वाटतोय, म्हणून घरी आल्या आल्या लिहितेय.

लग्नाची बोलणी करायला आम्ही सुरतेतल्या गोडादऱ्याहून जवळच्या कामरेजला गेलो होतो. केस विरळ झाल्यापासून भूषण घरातसुद्धा कॅप घालून बसतो. मुलीकडच्यांनी त्याला कॅपशिवाय पाहिलंच नव्हतं.

आता आमच्या खानदेशी लोकांत पाहुण्यांचा मान टॉवेल-टोपी देऊन करतात. मुलीचे वडील टोपी घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. आता कॅप काढावीच लागणार होती.

भूषणने शांतपणे कॅप काढून माझ्या हातात दिली. होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाला, “मामा, औषध चालू आहे. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, आहेत ते केस बहुतेक टिकतील, थोडे दाटही होतील, पण पहिल्यासारखे येणार नाहीत. आत्ताच नीट बघून घ्या.”

मामांनी मुलीकडे पाहिलं. ती हसत होती. मग त्यांनी भूषणच्या डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले, “बरोबर बसली. चला, तारखेचं बोलू.”

कॅप अजून माझ्या पर्समध्येच आहे. त्याने मागितली नाही. खालचा बिनकॅपचा फोटोही त्यानेच निवडलाय.

तुमच्या घरात आहे का कोणी असं कॅपखाली लपलेलं? त्याला दाखवा हा फोटो.