सातव्या लाईनची जागा

"सातवी लाईन खाली आण," डॉ. हिशाम म्हणाले. "चौथीच्या वर ठेव. चित्र सरळ होईल."

"सरळ होईल, पण खोटं होईल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. टेबलावर माझा कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलचा फॉर्म पडला होता, सहीविना. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समजायचं ते मी समजले.

कुवेतमधल्या एका फिजिक्स लॅबमध्ये मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. डॉ. हिशाम माझे बॉस. इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बॅग भरायची. माझा नवरा मनोज एसी मेकॅनिक आहे, त्याच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नाही. मी गेले की अब्बासियातला आमचा फ्लॅट सुटणार आणि तो पुन्हा सहा जणांच्या बॅचलर रूममध्ये.

आता भांडण कशाचं ते सांगते. परदेशातल्या अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणजे कण वेगात पळवणाऱ्या यंत्रावर, दोन अणुकेंद्रं एकमेकांवर आपटतात. त्यांचं मिळून झालेलं नवं केंद्र भोवऱ्यासारखं गरगर फिरतं. मग वेग एकेक पायरी उतरतो आणि प्रत्येक पायरीला एक गॅमा किरण सुटतो. त्या किरणाची एनर्जी म्हणजे आमच्या आलेखातली एक लाईन. वरच्या पायरीची एनर्जी सहसा जास्त. म्हणून डॉक्टरांनी लाईनी पीटीच्या तासासारख्या उंचीप्रमाणे उभ्या केल्या होत्या.

पण आमच्याकडे क्रम ताकदीवरून, म्हणजे लाईन किती ठळक आहे त्यावरून लावतात. वेगवेगळी केंद्रं वेगवेगळ्या पायरीवर या जिन्यात शिरतात, त्यामुळे खाली गर्दी वाढत जाते. खालच्या लाईनी ठळक, वरच्या फिकट. सातवी सगळ्यात फिकट होती. म्हणजे ती सगळ्यात वरची, एनर्जी कमी असली तरी! असं होतं कधी कधी. फार वेगात आतल्या कणांची एखादी जोडी फुटते, ते दोघे फिरण्याच्या दिशेला वळतात आणि पायरीची उंची एकदम घटते.

"थिअरीप्रमाणे या केंद्रात जोडी इतक्या लवकर फुटत नाही," डॉक्टर म्हणाले.

"केंद्रानं थिअरी वाचली नसेल."

"गुरुवारी परदेशच्या ग्रुपबरोबर ऑनलाईन मीटिंग आहे. माझा क्रम दाखवायचा."

घरी आले ती तणतणतच. मनोज म्हणाला, "अगं, एक लाईन खाली ढकलायला तुझं काय जातंय?"

"गॅस संपलेल्या एसीला तू ओके लिहून देशील?"

"नाही. इथल्या उन्हात माणूस मरेल."

"मग?"

"मग भांड. पण पुरावा घेऊन भांड, बाई."

खरं होतं ते. नुसतं फिकट असणं हा कच्चा पुरावा, डेटा कमी म्हणून उडवून लावता येतो. मी सगळा डेटा पुन्हा उपसला. तीन दिवस डोळे चुरचुरत होते. बुधवारी दुपारी एक बारीकशी लाईन हाती लागली. सहाव्या पायरीच्या माथ्यावरून ती दुसऱ्याच जिन्यात उतरत होती, इकडे परत येतच नव्हती. मी कॉम्प्युटरला सांगितलं, हिच्याबरोबर एकाच वेळी आलेले किरण तेवढे दाखव. याला आम्ही गेट लावणं म्हणतो. कंपनीच्या बसने मध्येच वळण घेतलं, तर वळणाआधीचे स्टॉप तिने घेतलेले असतात, पुढचे नसतात. तसंच झालं. सातवी समोर उभी! पहिली ते सहावी सगळ्या गायब. सातवी डॉक्टरांच्या क्रमाप्रमाणे पाचवी-सहावीच्या खाली असती तर तीही गायब व्हायला हवी होती. मी खुर्चीतच ओरडले.

गुरुवारी मीटिंगमध्ये मी दोन्ही क्रम दाखवले आणि शेवटी गेटचं चित्र ठेवलं. पलीकडचे थोरले प्रोफेसर पुढे वाकून बघत राहिले. "सातवी वरच आहे," ते म्हणाले. "हेच छापा."

कॅमेरा बंद झाला. डॉ. हिशामनी फॉर्म ओढला आणि सही केली. मुदत एक वर्ष. आधी दोन असायची.

"अर्धी का?" मी विचारलं.

"मला न सांगता दोन क्रम दाखवलेस म्हणून."

"सांगितलं असतं तर दाखवू दिले असते?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. पेपर माझ्याच क्रमाने गेला आणि पुढच्या वर्षीचा डेटा त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवला.

कुवेतमध्ये राहायला मला बॉसची सही लागते. सातव्या लाईनला लागत नाही.