जिना दाखवलेला नकाशा

माझ्या शिवणक्लासची पाटी दोन फूट बाय तीन फुटांची आहे. एवढ्याशा पाटीसाठी मी महापालिकेच्या झोन कार्यालयात जितक्या चकरा मारल्या, तितक्यात एखादी बाई पायी पैठणला जाऊन परत आली असती. आता पाटी लागलीय. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणतात, छान दिसते हो. मी म्हणते, व्हय. पुढं बोलायचा मला कंटाळा येतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमची वस्ती गुंठेवारीतली. शेतमालकानं गुंठा-गुंठा पाडून विकलेली. घरं आधी उभी राहिली, कागद मागून आले. खाली आम्ही बाप-लेक राहतो आणि वरच्या एका खोलीत माझा क्लास. चार मशिनी, एक कटिंगचं टेबल. शेंद्र्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांच्या बायका, पोरी शिकायला येतात. पण गल्ली आत, वळणाची. फोनवर पत्ता सांगून माझा घसा बसायचा, आणि निम्म्या जणी घर सापडलं नाही म्हणून रस्त्यावरच्या दुसऱ्या क्लासात जाऊन बसायच्या. त्या वर्षी चारातल्या दोन मशिनींवर चादर टाकून ठेवली होती. आमच्या घराची वरची भिंत तेवढी रस्त्यावरून दिसते. तिथं पाटी लागली तर क्लास तगेल, नाही तर बंद पडेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि शिवणाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

पाटी काय, लावून टाकायची. आमच्या चौकात कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाला श्रद्धांजली, फ्लेक्सवर फ्लेक्स. त्यांनी कुठं अर्ज केले असतील कुणास ठाऊक. मी तर पेंटरशी बोलूनही ठेवलं होतं. बाबांना कळलं तसं म्हणाले, "अर्ज केलास का?"

"कशाला? आपल्याच भिंतीवर लावायचीय."

"भिंत आपली हाय. पण दिसती रस्त्यावरनं. त्याला परवानगी लागती."

आमच्या घरात तोंडी काही चालत नाही. नळाला पाणी आलं नाही, गल्लीतला दिवा गेला, की बाबा भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली अर्ज लिहायला बसणार. दोन प्रती. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. लहानपणी मला याची लई लाज वाटायची. मोठी झाल्यावर राग यायला लागला. पण त्याच्या मागं काय आहे तेही मला माहीत आहे. माझे आजोबा कचेरीच्या पायरीखाली हात जोडून उभे राहायचे; साहेब बाहेर आला तरच तोंड उघडायचं, नाही तर उद्या परत. आमच्या घरात कागद टेबलावर ठेवून लेखी उत्तर मागणारे बाबा पहिले. त्यामुळं या बाबतीत त्यांच्याशी भांडायचं माझ्या जिवावर येतं. म्हटलं, करू अर्ज.

अर्जासोबत जागेचा कच्चा नकाशा जोडायचा होता. दुसऱ्या कुणी वहीच्या कागदावर एक चौकोन काढून त्यावर फुली मारली असती. पण बाबा पाटबंधाऱ्यात ट्रेसर होते. धरणाचे, कालव्याचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचे. अख्खी नोकरी दुसऱ्यानं मारलेली रेघ जशीच्या तशी मारण्यात गेली. त्यांनी दोन दिवस टेप घेऊन घर मोजलं. तळमजला, पहिला मजला, समोरची भिंत, उत्तर दिशेचा बाण, खाली स्केल. आणि घराच्या बाजूचा बाहेरचा जिना, एकूण एक पायरी मोजून.

हा जिना मंजूर नकाशात नव्हता. घर नियमित करून घेतलं तेव्हा बाबांनी नकाशात जिना आतून दाखवला होता. वरची खोली बांधायची वेळ आली तेव्हा आई आडवी आली. आतून जिना म्हणजे अर्धं स्वयंपाकघर जाणार. ती म्हणाली, "माझ्या चुलीवरनं लोकं चालवता का?" मिस्त्री घाईत होता, जिना बाहेरून झाला. सुधारित नकाशा देऊ, असं बाबा म्हणत राहिले आणि ते राहूनच गेलं. आईही गेली. मला वाटतं, एवढी एक गोष्ट लेखी दिली नाही याची त्यांना आत कुठं तरी टोचणी होती, आणि पाटीच्या निमित्तानं त्यांनी ती कबूल करून टाकली.

पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं. पाटीबद्दल एक ओळ, जिन्याबद्दल सहा. सोबतच्या नकाशात दर्शविलेला बाहेरील जिना मंजूर नकाशात नसून सामासिक अंतरात येत असल्याने, सदर जिना काढून घ्यावा अथवा खुलासा सादर करावा. सामासिक अंतर म्हणजे घराच्या कडेनं मोकळी सोडायची जागा. मी कपाळाला हात लावला. जिना काढला तर क्लासला बायका जाणार कुठून? मी पाटी मागायला गेले आणि पायऱ्याच जायची वेळ आली.

"बाबा, जिना कशाला दाखवला?"

"हाय म्हणून दाखवला."

"अहो, कच्चा नकाशा मागितला होता त्यांनी."

"कच्चा म्हंजे खोटा नव्हं."

मी पदर खोचला आणि भांडी घासायला गेले. एक पातेलं मी इतकं घासलं की हात दुखायला लागला.

मग चकरा सुरू झाल्या. आज साहेब साईटवर, उद्या मीटिंगला. मी क्लास अकराला सोडायचे आणि भर उन्हात जाऊन बाकावर बसायचे. साहेब भेटले तेव्हा माणूस वाईट नव्हता. बाबांचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "असं काम आता कोण करतं, ताई? कुणी काढला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "काकांना नमस्कार सांगा. पण कागदावर आलंय म्हटल्यावर मला लिहावंच लागतं. त्या जागेत जिना मंजूर होत नाही." मी विचारलं, अर्ज मागं घेतला तर? ते म्हणाले, निर्णय व्हायच्या आत अर्ज मागं घेता येतो, फाईल बंद होते. मग म्हणाले, "जिना मात्र आहे तिथंच राहतो, ताई." हे त्यांनी मला समजावलं की बजावलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

फाटकाबाहेर टायपिंगच्या टेबलावर अर्ज मागं घेतल्याचं पत्र करून घेतलं. टायपिंगवाल्यानं माझी सगळी रामकहाणी न विचारता ऐकून घेतली आणि कागद ओढत म्हणाला, "ताई, नवीन अर्ज टाका. नकाशात भिंत दाखवा, पाटी दाखवा. बाकी घर कशाला दाखवायलात? त्यांना काय घर बघायचंय?" इतकं सोपं होतं ते. मला त्याचाही राग आला आणि माझाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवून आडवे झाले तेव्हा मी वर कटिंगच्या टेबलावर त्यांचा नकाशा पसरला. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला. नुसती भिंत काढली असती तरी चाललं असतं, पण बाबांच्या नकाशाचे तुकडे करायचं माझ्या हातून होईना. ब्लाऊजचा बेत कागदावरून उतरवायची मला सवय आहे, त्यामुळं रेघ सरळ आली. सगळं उतरवलं. जिना तेवढा सोडला. बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला तो कागद त्यांच्यासमोर फाडायला लावला असता, याची मला खात्री होती.

या खेपेला परवानगी मिळाली. पेंटर आला, पाटी लागली. आठवडाभरात दोन नव्या बायका पाटी बघून आल्या आणि मी मशिनींवरच्या चादरी काढल्या. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण मी इतकी शिणले होते की मला तो कळला नाही. खाली बाबा रोज विचारायचे, "मंजुरीची प्रत दे, फायलीला लावतो." मी म्हणायचे, देते, झेरॉक्स काढून आणते. असं किती दिवस चालणार? एका सकाळी म्हटलं, होऊन जाऊ दे, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पत्र वाचलं. मग मागचा नकाशा उघडून खिडकीपाशी धरला.

"जिना?"

"सोडला मी."

मी तयारीत होते. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. चौकातले फ्लेक्स, माझ्या चकरा, रिकाम्या मशिनी, तुमचा खरेपणा माझ्या पोटावर आला होता, सगळं. ते खुर्चीत बसले. चष्मा पुसला. नकाशा मांडीवर ठेवून त्यावर बोट टेकवलं.

"वरच्या खोलीचं दार तसंच ठिवलंस," ते म्हणाले. "जिना नाय अन् दार हाय. मग बाया उडत जात्यात का वर? शहाणा माणूस बघंल तर इथंच धरंल. दारबी काढायला पाहिजे होतं."

मी वाकून बघितलं. दार होतंच.

"मला द्यायचं नं," ते म्हणाले. "मी काढून दिला असता नीट. तुला काय वाटलं, मी क्लास बंद पडू देतो का तुझा?"

भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडं त्यांनी बघितलं नाही. मीही बघितलं नाही. त्यांनी पंचिंगनं दोन भोकं पाडली आणि माझा नकाशा फायलीत लावला, त्यांच्या नकाशाच्या वर. वरून बायका हाका मारत होत्या, धागा अडकलाय म्हणून. मला बाबांना म्हणावंसं वाटत होतं, मला रागवा, कागद फाडा, काही तरी करा. त्यांनी फाईल मिटली आणि मला म्हणाले, "जा, बाया थांबल्यात."