नो-गो एरिया

वडील ज्या कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते, ते बंद झालं. त्याच वर्षी मी वणीचं सासर सोडून नेरला माहेरी परतले होते. धाकट्या भावानं पुण्याहून फोनवर बजावलं, "ताई, बाबांसमोर कापसाचा विषय नको. तो नो-गो एरिया आहे."

हा शब्द घरात चांगलाच रुळला. आधी कापूस, मग केंद्र, मग तिथले वडिलांचे सोबती, एकेक विषय त्यात जात राहिला. आई त्याला 'नोगो' म्हणायची. जेवताना बोलायला भाजीतलं मीठ तेवढं उरलं. दिवसभर शाळेत शिकवायचं आणि घरी प्रत्येक वाक्य तपासून बोलायचं. मी थकून जायची.

एका रविवारी आईनं गादी भरायला पिंजारी चाचांना बोलावलं. त्यांना आमचे नियम कुठून ठाऊक असणार? त्यांनी मूठभर कापूस वडिलांपुढे धरला.

"साहेब, हा नवा कापूस मिसळू का? पाहून सांगा."

आई दारातून डोळ्यांनी नको नको म्हणत होती. वडिलांनी चिमूटभर कापूस बोटांत धरून ओढला.

"धागा आखूड हाय. पन गादीले चालते."

मग ते बोलतच राहिले. कोणत्या गावचा माल चांगला यायचा, कोणाचा ओला. शेवटी म्हणाले, "एका बाईची कापसाची बैलबंडी मी वापस धाडली होती. माल ओला होता, माहं काही चुकलं नाही. पन तिचं तोंड अजून दिसते मले."

चाचा गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"त्रास तर होतेच. तुमी चुप राह्यता तं जास्त होते." मग म्हणाले, "मीबी तुले इचारलं नाही, तू वणीहून काहून वापस आली. तुही माय म्हने, तो नोगो हाय."

माझ्यासाठीही तो शब्द वापरला जात होता, हे मला तेव्हा कळलं. रडू आलं नाही, फक्त खूप दमल्यासारखं झालं.

"सांगीन बाबा. आज नाही."

"बरं," ते म्हणाले.

आठेक दिवसांनी सांगितलं. सगळं नाही, निम्मंच. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. ऐकून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "बाकीचं तुले वाटन तवा सांगजो."