गोठ्यातला कप

भिंतीचा चिखल ओलाच होता. पाटलीणबाईनं थापीचं टोक खुपसलं आणि मी बसवलेला कपाचा तुकडा उकरून काढला. खाली टाकला. पायानं सारला.

"हा आमच्या गोठ्यातला कप हाय. बुद्धवाड्याचं उष्टं वाचनालयाच्या तोंडावर काऊन?"

सगळं गाव बघत होतं.

आमचं गाव डांबरी रस्त्यापासून लांब, आत. तिथं मातीचं वाचनालय बांधायचं ठरलं. अशी घरं बांधणारी एक ताई नागपूरहून आली. म्हणाली, "भिंत सगळ्यांची. घराघरातून फुटक्या बशा, बांगड्या, फरशीचे तुकडे आणा. समोरच्या भिंतीवर मिळून चित्र करू."

चिखल तुडवायला मात्र आमच्याच बाया. गुडघ्यापर्यंत माखून आम्ही भिंत उभी केली. तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही.

तो कप माझ्या मायचा. माय पाटलाच्या वावरात राबायची. तिच्यासाठी गोठ्यात वेगळा कप. चहा वरून ओतायचे. धुवायचा तिनंच, ठेवायचा तिनंच. एक दिवस तो फुटला. मायनं तुकडे पदरात बांधून घरी आणले. कशाला, ते सांगितलं नाही. माय गेली, तुकडे राहिले. गावाच्या कपबशांशेजारी तिचाही कप बसावा, एवढंच मला वाटलं होतं.

ताई जवळ आली. वाटलं, आता ही बोलेल. तिनं खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "वाद नको ना. तुमचे तुकडे आपण मागच्या भिंतीवर लावू. तिथंही छान दिसतील."

पाटलीणबाईचा तिरस्कार जन्मापासून ओळखीचा. हा गोडवा नवा होता. तोच जास्त झोंबला. मागची भिंत! गोठाही मागंच होता.

मी तिचा हात झटकला.

"समोरच्या भिंतीचा चिखल बी आमीच तुडवला, ताई. मागं जाणार नाही."

मग पाटलीणबाईकडं वळले. "तुमी पेता त्या कपात माह्या मायले चहा देला असता, तर हा कप लागलाच नसता."

"तोंड लई चालून राह्यलं तुहं! उद्यापासून तुमच्यातल्या एकीनंबी आमच्या वावरात पाय ठेवायचा नाही!"

आम्ही हातसुद्धा धुतले नाहीत. चिखल तुडवणाऱ्या चौघीजणी तशाच ऑटोत बसलो, पोलीस ठाण्यात गेलो. शिपाई हसला. "एक कप के लिए केस? समझौता कर लो, अम्मा."

घरी भाऊ चिडला. "आता कापूस वेचायले कोण बोलावील?"

नाही बोलावलं तर नाही. मी ॲट्रॉसिटीची तक्रार दिलीच. पाटलीणबाईचे शब्द जसेच्या तसे सांगून. ताई घरी आली, मिटवून टाक म्हणाली. दारातूनच परत पाठवली. साक्षीला गाव येणार नाही, मला माहीत आहे. मी येईन. पडेल त्या तारखेला कोर्टात उभी राहीन. पाटलीणबाई बोलली ते तिच्या तोंडावर बोलून दाखवीन.

माफी नको. शिक्षा पाहिजे.