सनईवाल्याची अंगठी

ती घटना विसरावी असे फार वाटते, आणि म्हणूनच बहुधा ती आजही आठवते.

देशाचा बाजार नुकता खुला होत होता आणि हैदराबादेत लग्नांचेही ठेके निघाले होते. मांडव, जेवण, फुले, सनई, सगळे एकाच ठेकेदाराकडे. ‘बक्षिसी वेगळी देऊ नका, ती रकमेत धरली आहे,’ असे तो यजमानांना आधीच बजावी. धरलेल्या बक्षिसीतले कामगारांच्या हाती किती पडे, ते देव जाणे.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. मातृभाषा मराठी, त्यामुळे मराठी घरांची प्रकरणे हमखास माझ्याच गळ्यात पडत. एका सकाळी नल्लकुंट्याचे एक गृहस्थ ठाण्यात आले. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचे लग्न झाले होते. पुण्याच्या व्याह्यांनी मुलीच्या मामांना मानाची सोन्याची अंगठी घातली होती. पाठवणीच्या वेळी विहीणबाईंना मामांचे बोट रिकामे दिसले. मामा म्हणाले, “हरवली.” घरच्यांनी चोरी धरली.

“साहेब, त्यांची गाडी संध्याकाळी आहे,” मुलीचे वडील म्हणाले. “त्याआधी सापडली नाही तर आमची इज्जत गेली.”

स्टेशन डायरीत नोंद होते न होते तोच त्या लग्नाच्या ठेकेदाराचा फोन आला. त्याच्या सनईवाल्याच्या खोळीत कोणीतरी अंगठी पाहिली होती. आयती खबर मिळाली की पोलीस खूश. मी कोठी भागातल्या बाजारात गेलो आणि त्या म्हाताऱ्याला बाजेवाल्यांच्या दुकानांसमोरून, सगळ्या शेजाऱ्यांदेखत जीपमध्ये घातले.

ठाण्यात पंचांसमोर झडती झाली. सनईच्या खोळीतून अंगठी निघाली आणि तिच्यासोबत सुकत चाललेली विड्याची पानेही. हवालदार म्हणाला, “पान भी उठा लिये क्या, बड़े मियां?” आम्ही सगळेच हसलो.

म्हातारा एकच सांगत होता. “साब, दुल्हन के मामू दिये. मैं मांगाच नै.”

“गवाह कौन है?”

“इनाम का गवाह कौन रखता, साब?”

दुपारपर्यंत मी त्याला उभा ठेवला. मामाच अंगठी हरवली म्हणतात, म्हणजे हा खोटा, इतका सरळ माझा हिशेब होता.

जेवण करून पंचनाम्यावर सही करायला बसलो. यादीत लिहिले होते : दोन पाने, एक सबंध सुपारी, कुंकू लावलेले तांदूळ. हात थांबला. पान खाणारा सुपारी कातरून घेतो. दोन पानांवर सबंध सुपारी आपल्याकडे फक्त मान द्यायला ठेवतात. चोर कशाला विडा मांडील? मराठी घरात वाढलेल्या मला हे सकाळी दिसू नये, याची मलाच लाज वाटली.

नल्लकुंट्याला जाऊन मामांना बाजूला घेतले. जुन्या वळणाचे साठीचे गृहस्थ. मी विचारले, “मामा, विडा कोणी मांडला?”

ते ओट्यावर टेकले. “मीच, साहेब. पाठवणीला त्यानं असं वाजवलं की मला राहवलं नाही. खिशात हात घातला तर दमडी नाही. आमच्या घराण्याची रीत, वाजवणाऱ्याला रिकाम्या हातानं धाडायचं नाही. ताटातला विडा घेतला अन् मांडवामागं जाऊन बोटातली काढून दिली.”

“मग बोलला का नाहीत?”

“व्याह्यांची अंगठी बाजेवाल्याला दिली म्हटलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. हरवली म्हटलं की मिटेल वाटलं. लई परेशान झालो हो.”

“तो म्हातारा सकाळपासून ठाण्यात उभा आहे, मामा.”

मामा उठले. चपला घालून जीपमध्ये बसले.

त्यांनी जबाब दिला, फिर्याद मागे घेतली गेली. मामांनी अंगठी दोन्ही हातांनी सनईवाल्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

“रख लो, मामू. मेरे कने रही तो हर कोई पूछता, कां से आई.”

सनई खोळीत घालून तो निघाला. मी त्याची माफी मागितली नाही. खुर्चीवरून उठून उभा राहिलो, एवढेच. व्याह्यांना मामांनी स्वतःच सगळे सांगितले. “आम्हाला आधी सांगायचं तरी,” एवढेच म्हणे ते म्हणाले.

या प्रकरणाने शिकवले ते साधे आहे. बक्षीस द्यायचे तर चारचौघांत द्या, मोठ्याने सांगून द्या. आडबाजूला दाखवलेला मोठेपणा घेणाऱ्याच्या अंगाशी येतो. आणि गरिबाजवळ चांगली वस्तू दिसली की आम्ही पोलीस आधी चोरीच धरतो. नोकरीभर मीही तेच करत आलो, आणि आता त्याचाच फार शीण वाटतो.

पुढे माझ्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा त्या सनईवाल्यालाच बोलवावे म्हणून कोठीला गेलो. शेजारच्या दुकानदाराने मला ओळखले नाही. म्हणाला, “उनो तो शादियां उसीच साल छोड़ दिये, साब. पुलिस पकड़को ले गई थी ना.”

मुलीच्या लग्नात सनई कॅसेटवर लावली.